खोब्रागडे काकांचा अर्धा सीझन

मराठी मंडळाच्या नाटकाचा दुसरा अंक ऐन रंगात आला होता. नायिका दागिन्यांचा डबा सासूच्या पायाशी ठेवून रडत होती, सभागृहात दोन-चार बायका नाक ओढत होत्या, आणि तिसऱ्या रांगेतले खोब्रागडे काका उठून उभे राहिले. दोन्ही हात डोक्यावर ताणून ते कमरेतून आधी डावीकडे वाकले, मग उजवीकडे. मागून "अहो, बसा ना!" अशी हाकाटी झाली. नायिकेला वाटलं दाद आली, म्हणून तिने तेच वाक्य जास्तीचा हुंदका घालून पुन्हा म्हटलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या डाव्या कानात इयरफोन होता आणि त्यात बेसबॉलची सातवी इनिंग चालू होती.

बेसबॉलमध्ये सातव्या इनिंगच्या मध्यावर प्रेक्षक उभे राहून आळोखेपिळोखे देतात. ही इथली, अमेरिकेतली जुनी रीत आहे. पण ती स्टेडियममध्ये पाळायची असते, असं काकांना कुणी सांगितलेलं नाही. ते ही रीत बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे आणि आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना पाळतात. त्या दिवशी केकच्या मागे हात ताणून उभे असलेले काका सगळ्या फोटोंत आले आहेत.

ओहायोतल्या डब्लिनला आम्ही राहायला आलो तेव्हा माझी बायको मेधा शेजारी पेढे द्यायला गेली आणि लाल मिरचीच्या ठेच्याची बाटली घेऊन आली. "नागपूरचे आहेत," ती म्हणाली, "आणि तू पुण्याचा आहेस म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं." तेव्हापासून काका मला पुणेकर म्हणतात. माझं नाव समीर आहे हे त्यांना माहीत असावं, पण त्याचा त्यांनी कधी उपयोग केलेला नाही.

काकांनी उभा जन्म ओहायोत पूल बांधण्यात घालवला. रिटायर झाल्यापासून त्यांचा मुक्काम गॅरेजमध्ये असतो. दार वर केलेलं, घडीची खुर्ची टाकलेली, फळीवर रेडिओ, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली, जरा आदबीने अंतर राखून, टीमचं कॅलेंडर. टीव्हीवर मॅच बघणं त्यांना मंजूर नाही. "टीव्हीत सगळं दिसून जाते ना बे. मंग आपण काय करायचं?"

टीमचं नाव मी सांगत नाही. तिचे बाकीचे चाहते भेटले तर माझी धडगत नाही. दोन तासांच्या ड्राइव्हवर तिचं स्टेडियम आहे आणि हरण्यात तिचं सातत्य आहे, एवढं पुरे. खेळाडूंची खरी नावं काका घेत नाहीत. चेंडू टाकणारा उंच पिचर म्हणजे 'बांबू'. अंपायरच्या अंगावर धावून जाणारा कॅचर म्हणजे 'सावजी'. हातातून चेंडू सोडणारा एक आहे, त्याचं नाव 'लोणी'. दुसऱ्या टीमकडून बदलून आलेला एक बिचारा तीन वर्षं झाली तरी 'पाहुणा'च आहे.

"बांबू आज चांगला टाकून राहिला होता, लोण्याने घात केला," असं ते कळवळून सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की घरातल्या धाकट्याने थोरल्याचा संसार मोडला.

जुलै आला की टीम खालून दुसरी किंवा तिसरी असते आणि काका जोरात असतात. "अर्धा सीझन बाकी आहे!" हे त्यांचं पालुपद. ते सगळ्याला चालतं. माझं लॉन जळलं, तरी अर्धा सीझन बाकी आहे. प्रमोशन हुकलं, अर्धा सीझन बाकी आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत माझे केस पांढरे झाले, तेव्हाही त्यांनी पाठीवर थाप मारून हेच ऐकवलं. मी म्हटलं, "काका, रांगेचा सीझन संपत नसतो." तर म्हणाले, "मंग तर चांगलंच आहे ना!"

या माणसाला घर सोडायला लावून टेक्सासमधल्या प्लेनोला धाडायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं.

प्लेनोला त्यांचा एकुलता एक मुलगा राहतो, सिद्धार्थ. काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून तो बापाला बोलावतोय आणि बाप "सीझन संपू दे" म्हणतोय. गेल्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. मेधाने त्यांना इमर्जन्सीत नेलं. प्लॅस्टर घालेपर्यंत ते नर्सला टीमच्या नव्या पिचरविषयी सांगत होते. पण सिद्धार्थ घाबरला. त्याने मला फोन केला, "समीर, प्लीज यार, तू कन्व्हिन्स कर त्यांना. मी खालची रूम रेडी केलीय, बाथरूममध्ये बार्स लावलेत. नेक्स्ट विंटरला ते तिथे एकटे नकोत."

मी दोन-तीनदा विषय काढला. काकांनी मला ठेचा दिला.

जुलैच्या मध्यात बेसबॉलवाले चार दिवस सुट्टी घेतात. निवडक खेळाडूंचा एक दिखाऊ सामना होतो, बाकीचे घरी जातात. हे चार दिवस काकांना काढवत नाहीत. सकाळी त्यांनी लॉन कापलं आणि दुपारी तेच लॉन परत कापायला काढलं. संध्याकाळी तर्री-पोहे करून हाक मारली. मी गेलो, पोहे खाऊन डोळ्यांतून पाणी काढत बसलो होतो, इतक्यात फोन वाजला. सिद्धार्थचा होता.

"हां बोल," काका म्हणाले. "बरा आहे. जेवला का तू? ... बरं. ... हो, गरम आहे इकडं. ... तिकडं? ... बरं. ठेवतो मंग."

पोह्यांचा पुढचा घास माझ्या तोंडात जायच्या आत बापलेकांचं बोलणं संपलं. एरवी मी माझ्या घरातून ऐकत असतो, हे दोघे अर्धा-अर्धा तास बांबूवरून भांडत असतात.

काका फोन हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "पाहिलं ना? मॅच नसली की असं होते."

मी हातातला घास खाल्ला.

"त्याची आई होती तोवर फोन तिच्या हातात राहे. मी आपला मागून ओरडत राहे, त्याला सांग टीम हरली म्हणून. ती सांगे. तिकडून तो ओरडे. ती गेली अन् फोन डायरेक्ट माझ्या हातात आला. आता मी काय बोलू बे पोराशी? जेवला का विचारतो. तो जेवला म्हणते. संपलं ना."

"पण बेसबॉलवर तर किती बोलता तुम्ही."

"मले काय बेसबॉलचं!" काका एकदम उसळले. "मी कबड्डीचा माणूस. हा सात वर्षांचा होता आम्ही आलो तेव्हा. शाळेत कोणी खेळायले घेत नव्हतं, घरी येऊन रडे. म्हणून मी शिकलो. रेडिओ ऐकून ऐकून त्याले शिकवलं. त्याचं वेड आहे ते. माझं नाही."

मी हातातल्या बशीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ज्या माणसाच्या वेडावर आम्ही सगळे हसलो, त्याला ते वेडच नव्हतं.

"म्हणून प्लेनोला नाही जात?"

"तिकडं एका घरात राहिल्यावर स्कोर कोण कोणाले सांगणार? तोही ऐकीन, मीही ऐकीन. मंग जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि मला आणखी तर्री वाढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी सिद्धार्थचा फोन घेतला. "काही म्हणाले का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ते टीम सोडून यायला तयार नाहीत."

तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "तुला एक सांगू? बाबांना नको सांगूस. आय डोन्ट इव्हन फॉलो बेसबॉल एनी मोअर. कॉलेजनंतर सोडलंच. आता रोज फोन करायच्या आधी कारमध्ये बसून स्कोर वाचतो, कोण कसा खेळला ते बघतो. त्यांच्या त्या बांबूचं खरं नाव काय, ते शोधायला मला एक आठवडा लागला, यार. पण दुसरं काय बोलू त्यांच्याशी? त्यांना फक्त तेच आवडतं."

मला हसावं की रडावं कळेना. बेसबॉलची आवड नसलेला बाप ओहायोत रेडिओला कान लावून बसतो, आणि बेसबॉलची आवड नसलेला मुलगा टेक्सासमध्ये गाडीत बसून स्कोर पाठ करतो. दोघांनीही ते गुपित माझ्याकडे ठेवायला दिलेलं. मी पुण्याचा आहे, मला दोघांनाही चार शब्द सुनावायची फार इच्छा झाली. पण जीभ उचलेना. दोघांमध्ये तेवढा एकच पूल होता आणि तो दोन्ही टोकांनी धरून ठेवलेला होता. तो खोटा आहे हे सांगणारा मी कोण?

शुक्रवारी सुट्टी संपली. संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तर काका नवरदेवासारखे ताजेतवाने. सात वाजता मॅच सुरू झाली. पहिल्याच इनिंगमध्ये लोण्याने चेंडू सोडला आणि काकांचा चेहरा उजळला. रात्रीच्या फोनची सोय झाली होती.

मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "प्लेनोला आत्ता सहाच वाजलेत, नाही?"

"हो. एक तास मागे आहेत ते."

"सिद्धार्थ ऑफिसातून कधी निघतो?"

"साडेसहा होतात त्याले. मंग हायवेले ट्रॅफिक राहते. घरी पोचेस्तोवर सात-सव्वासात."

रेडिओवर कुणीतरी चेंडू उंच मारला होता आणि निवेदक ओरडत होता. काकांनी आवाज बारीक केला. इतक्या वर्षांत मॅच चालू असताना त्यांना आवाज कमी करताना मी प्रथमच पाहिलं. ते बोटांवर काहीतरी हिशेब करत होते.

"पुणेकर, हा रेडिओ तिकडं लागते का?"

"फोनवर सगळीकडे लागतो, काका."

"म्हणजे तो घरी येईस्तोवर इकडच्या तीन इनिंग होऊन गेल्या राहतील." ते खुर्चीत पुढे सरकले. "अन् मी एकटाच ऐकून राहीन. तो दारातून आला की मले त्याले सांगायले लागीन ना, काय काय झालं ते!"

"लागेलच," मी म्हटलं. "त्याला कसं कळणार नाहीतर?"

"रोज?"

"मॅच असेल तेव्हा रोज."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी तर्रीचं निमित्त नव्हतं. "बॅग भरायले मदत करशील का बे?" त्यांनी विचारलं.

घरी येऊन मी आधी सिद्धार्थला फोन लावला. बाबा येतायत म्हटल्यावर तो दोनदा "आर यू शुअर?" म्हणाला. मी म्हटलं, "शुअर. पण एक कर. घरी येताना गाडीत स्कोर बघायचा नाही. अजिबात नाही. दारातून आत शिरायचं आणि विचारायचं, 'बाबा, काय झालं?'"

"का?"

"विचार तू."

या वेळी तो निव्वळ मराठीत म्हणाला, "विचारीन."