नियमात बसवलेला पोल्टर

"माझ्या मुलीचा पोल्टर असा होईल की जिल्ह्यातून लोक शिकायला येतील," ब्रुनोन फोर्मेलाने जेवताना जाहीर केलं आणि ठरावावर शिक्का मारावा तसा बटाट्यात काटा खुपसला.

बायकोने, रेगिनाने, मान वर केली नाही. आठवडाभर तिच्या डोक्यात केकशिवाय दुसरं काही नव्हतं. "पोल्टर म्हणजे फोडाफोडी," ती म्हणाली. "त्यात शिकायचं काय डोंबल?"

तिचं खरंच होतं. आमच्या काशुबियात, पोलंडच्या उत्तर टोकाला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जो तो नवरीच्या दारात येतो आणि जुनी ताटं, बरण्या, कपबशा आपटून फोडतो. जितका आवाज मोठा, तितकी इडापिडा लांब. आमंत्रण कोणालाच नसतं, आणि आलेल्या कोणालाही परत पाठवायचं नसतं. परत पाठवलेला माणूस लग्नातलं सुख सोबत घेऊन जातो असं म्हणतात. यजमानाने केक आणि व्होडका द्यायची, नवरा-नवरीने खापऱ्या झाडायच्या, की झाला पोल्टर.

पण ब्रुनोन पडला ओल्शिन्का ग्रामपंचायतीच्या कचरा विभागाचा प्रमुख. गावाची कचरा नियमावली त्याने स्वतः लिहिली होती आणि तिच्यातल्या व्याख्यांवर त्याचा जीव होता. इतर लोक तळ्याकाठी गळ टाकून बसत, हा अंगणात खुर्ची टाकून व्याख्या वाचत बसे. बाटली ही काच, पण आरसा ही काच नव्हे. चिनी मातीचा कप फुटला तर घरगुती कचरा, पण त्याच मातीचं बेसिन भिंतीतून उखडलं की बांधकामाचा कचरा. खुर्ची अवजड कचरा, पण खुर्चीला मोटर असेल तर विद्युत कचरा. आणि सगळ्यांत लाडकं वाक्य हे, की जमिनीवर जो कचरा सापडेल, त्याचा धारक तो जमीनमालकच समजला जाईल. हे वाक्य तो उच्चारायचा तेव्हा त्याचा आवाज मऊ व्हायचा.

याच वाक्याने त्याने गावातल्या हिल्डा आजीला धरलं होतं. तिच्या बागेच्या कडेला कोणीतरी टायर टाकून पसार झालं. ते आजीचे नव्हते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, ब्रुनोनलासुद्धा. पण वाक्य म्हणजे वाक्य. नोटीस गेली. आजी कार्यालयात येऊन समोर उभी राहिली, तर याने तिने आणलेला टायरचा फोटो तेवढा पाहिला. ब्रुनोनची सवयच तशी. समोर माणूस आला की त्याची नजर आधी हातातल्या वस्तूवर जायची, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबायची.

टायर हलवायला आजीचा नातू कॉर्नेल आला. गावच्या कचरा संकलन केंद्रावरून ब्रुनोनने त्याला परत पाठवलं, कारण टायरला चिखल होता. धुऊन आणले, तर पुन्हा परत, कारण आत पाणी होतं. या हेलपाट्यांतच एकदा ब्रुनोनची मुलगी मिरेला बापाने घरी विसरलेला चष्मा घेऊन केंद्रावर आली. बापाचं बोलणं तिने ऐकलं, शरमेने लाल झाली आणि बाहेर जाऊन त्या मुलाची माफी मागितली. आता त्याच मुलाशी तिचं लग्न होतं.

आईबापाविना वाढलेल्या कॉर्नेलला आजीनेच लहानाचं मोठं केलेलं. पण फोर्मेलांच्या घराची पायरी ती चढायला तयार नव्हती. साखरपुड्याला तिचा गुडघा दुखत होता, घर बघायला बोलावलं तेव्हा कंबर.

"बाबा, उद्या आजी पोल्टरला येणार आहे," मिरेला म्हणाली. "कॉर्नेलने कशीबशी राजी केलीय. ती इथून दुखावून गेली ना, तर परवा चर्चमध्ये यायची नाही. आणि ती नसेल तर कॉर्नेल वेदीपुढे उभा राहणार नाही. मी ओळखते त्याला. एक संध्याकाळ तू साहेब होऊ नकोस. एवढंच मागते."

"शब्द दिला," ब्रुनोन म्हणाला.

दिला, आणि सकाळी उठून डबे आणायला गेला.

दुपारपर्यंत फाटकाच्या आत कचऱ्याचे रंगीत डबे ओळीने उभे राहिले. प्रत्येकावर पाटी, पाटीवर डब्याचं नाव आणि नावाखाली संपूर्ण व्याख्या, अपवादांसह. रेगिना पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तशीच थबकली.

"हे काय मांडलंयस?"

"सोय. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पाट्या बोलतील."

पाट्या बोलल्या खऱ्या, पण भलतंच. शेजारचा अल्फोंस सायकलवरून चालला होता, तो उतरला आणि चष्मा वर करून एकेक पाटी वाचू लागला. काच, धातू, प्लास्टिक, चिनी माती, अवजड, विद्युत, बांधकाम. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. त्याच्या गॅरेजमध्ये एक जुना कमोड पडून होता. संकलन केंद्राने तो इतक्या वेळा परत पाठवला होता की अल्फोंसच्या बायकोने त्यात फुलझाड लावलं होतं.

"म्हणजे आज इथे सगळं घेतायत," अल्फोंस स्वतःशीच म्हणाला. मग दुकानात म्हणाला, मग पेट्रोल पंपावर.

संध्याकाळी सुरुवात झकास झाली. रेगिनाच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी बशा फोडल्या, केक खाल्ला. मिरेला आणि कॉर्नेल झाडू घेऊन हसत होते. एकीने बरणी झाकणासकट फोडली. झाकण धातूचं, डबा वेगळा. ब्रुनोनने हात पाठीमागे धरले आणि दात आवळले. मिरेलाने लांबून त्याच्याकडे बघून मान डोलावली. शाबास, असं.

मग हातगाडीवरून कमोड आला.

"अल्फोंस," ब्रुनोन हळूच म्हणाला, "हा बांधकामाचा कचरा आहे."

"कालपर्यंत होता. आज पोल्टर आहे." आणि अल्फोंसने हातगाडी उलटी केली. असा आवाज झाला की तळ्यावरची बदकं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आलेल्याला परत पाठवायचं नसतं, त्यामुळे रेगिनाने निमूटपणे अल्फोंसला केक आणि व्होडका दिली.

त्यानंतर गाव लोटलं. ब्रुनोनने इतक्या वर्षांत जे जे नाकारलं होतं, ते ते लोकांनी जपून ठेवलं होतं. बेसिनं आली, कौलं आली, आरशाचं कपाट आलं, आणि एक दूरचित्रवाणी संच आला, मालकाच्या चार जावयांनी मिळून उचललेला. कोणी पाट्यांकडे बघेना. जो तो आपली वस्तू आपटायचा आणि म्हणायचा, "सुखी राहा, पोरांनो!" रेगिनाचे केकचे तुकडे पातळ होत होत पार पोथीच्या पानावर आले. मिरेला आणि कॉर्नेल झाडत होते, आणि झाडावं तितकं वाढत होतं.

"केंद्रावर यांनी मला बूट पुसायला लावले होते," कोणीतरी म्हणालं. "इथे केक देतायत."

लोक हसले. त्या हसण्यात राग नव्हता, तेच ब्रुनोनला जास्त लागलं. आपल्याबद्दल गाव काय समजतं हे त्याला आज पहिल्यांदा असं ढिगाने दिसत होतं. कान तापले. वाटलं, डब्यात शिरावं आणि झाकण लावून घ्यावं.

शेवटी टायरांनी भरलेली ट्रॉली फाटकाशी लागली आणि ब्रुनोनचा बांध फुटला.

"टायर फुटत नाहीत!" तो ओरडला. "हा पोल्टर आहे की उकिरडा? उचला सगळं. ज्याचं त्याने न्या!"

हशा थांबला. मागून कोणीतरी अगदी अदबीने विचारलं, "पण साहेब, जमिनीवर पडलेल्या कचऱ्याचा धारक कोण असतो हो?"

ब्रुनोनला खोटं बोलता येत नव्हतं, निदान व्याख्येच्या बाबतीत तरी. "जमीनमालक," तो म्हणाला.

त्यावर जे हसू उसळलं, ते झेलत तो तरातरा फाटकाकडे गेला. ट्रॉली मागे ढकलली आणि फाटकाची एक बाजू लावली. दुसरी लावणार तोच बाहेर कोणीतरी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उभं राहिलं. ब्रुनोनची नजर गाठोड्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"बंद झालंय. आता काही घेतलं जाणार नाही. तुमचा कचरा घरी न्या."

"कचरा?" गाठोड्यामागचा आवाज म्हणाला. मग, "बरं."

ब्रुनोनने कडी घातली. वळला, तर कॉर्नेल त्याच्या मागे उभा. हातातला झाडू खाली पडलेला.

"ती आजी होती," कॉर्नेल म्हणाला.

मिरेला पायरीवर बसली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं. बापाकडे बघितलंही नाही. ती ओरडली असती तर ब्रुनोनला बरं वाटलं असतं. त्याने कडी काढली आणि बाहेर पडला. अख्खं गाव बघत होतं, आणि त्याला आपली पाठ केवढी मोठी आहे ते पावलोपावली कळत होतं.

हिल्डा आजी आपल्या घरी स्वयंपाकघरात बसली होती. सणाची टोपी अजून डोक्यावर होती. टेबलावर फडकं उलगडलेलं, त्यात एक ताट, निळ्या फुलांचं, कडेला झिजलेलं सोनेरी.

"बसा," ती म्हणाली. "माझ्या लग्नातलं शेवटचं उरलेलं. म्हटलं, पोराच्या सुखासाठी फोडावं. आता नाही फोडत."

"आजी, मला वाटलं..."

"कचरा वाटला. सांगितलंत की तुम्ही." तिने ताटावरून हात फिरवला. "ते टायर माझे नव्हते साहेब. पण तुम्ही म्हणालात माझे, मी गप्प बसले. या वयात त्यांच्यातलं पाणी उपसलं. आज माझ्या हातात माझं स्वतःचं होतं, तर तेही तुम्हाला नको झालं."

ब्रुनोनने तोंड उघडलं. आत एकही व्याख्या सापडली नाही. त्याला खरोखरच रडू आलं, आणि हे कसं आवरायचं हे माहीत नसल्यामुळे तो नुसता टोपीकडे, मग टोपीखालच्या चेहऱ्याकडे बघत बसला. बारीक, सुरकुतलेला चेहरा, कॉर्नेलसारखीच हनुवटी. हा चेहरा त्याच्या कार्यालयात त्याच्यासमोर उभा होता आणि त्याने तो पाहिला नव्हता.

"चुकलो," तो म्हणाला. "ते टायर तुमचे नव्हते. मला तेव्हाच माहीत होतं. लाज वाटते मला."

"इथे चुलीपाशी सांगून काय उपयोग? हाकललंत ते गावासमोर."

"तिथेच सांगतो."

"सांगाल?"

"पण तुम्ही याल ना?"

आजीने टोपी सारखी केली. मग ताट फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. "धरा. पाडू नका."

रस्ताभर तो ते ताट पाद्रीबुवा वेदीवरचा प्याला धरतात तसं दोन्ही हातांनी धरून चालला, आणि आजी मागून गुडघा दुखत असल्याचं बजावत राहिली. फाटकाशी सगळे जसेच्या तसे उभे होते. ब्रुनोन ढिगासमोर थांबला.

"हिल्डाबाईंच्या बागेतले टायर हिल्डाबाईंचे नव्हते," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी नोटीस मी काढली. आणि आज या माझ्या दारात आल्या तर मी त्यांना हाकललं. मला त्यांची माफी मागायचीय."

कोणी हसलं नाही. अल्फोंसने टोपी काढून हातात धरली. मिरेला पायरीवरून उठली. बापाला असं बोलताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ती त्याच्याकडे बघून चक्क हसली. त्या हसण्यासाठी ब्रुनोनने नियमावली तळ्यात बुडवली असती.

आजी पुढे झाली. कॉर्नेलने तिचा दंड धरला. तिने ताट डोक्याच्या वर नेलं, जमिनीवर आपटलं, आणि त्या निळ्या फुलांच्या ठिकऱ्या मिरेलाच्या पायापर्यंत गेल्या. लोकांनी जल्लोष केला. आजीने हात झटकले आणि ब्रुनोनकडे वळून पाहिलं. डोळ्यांत मिस्कील चमक होती, समेटाची.

"काय मग व्याहीबुवा? आता हे काय झालं, सांगा बघू."

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. काय म्हणायला हवं ते त्याला अगदी नीट माहीत होतं. सुख. हे पोरांचं सुख आहे, आजी. शब्द ओठांपर्यंत आला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"चिनी माती," ब्रुनोनचं तोंड म्हणालं. "मधला डबा."

मग आजीच्या खांद्यांना कंप सुटला. ती हसत होती, टोपी तिरकी होईपर्यंत, गुडघा धरून. ती हसली म्हणून कॉर्नेल हसला आणि मग सगळं गाव. ब्रुनोन मात्र तसाच उभा होता, लाल, घामाघूम, बोट मधल्या डब्याकडे केलेलं.

मिरेला त्याच्याजवळ आली. तिने त्याचं बोट हळूच खाली केलं.

"बाबा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "उद्या चर्चला निघताना आशीर्वादाचं आई बोलेल. तू नुसता डोक्यावर हात ठेव."