फिटिंग पाहण्यापुरती वर्दी

चामोर्शीच्या जलालुद्दीन टेलरचा एक सिद्धांत होता : गिऱ्हाइकाचा कपडा शिंप्यानं चार दिवस स्वतः वापरून पाहिल्याशिवाय फिटिंग म्हणून कळत नाही! या सिद्धांतापायी निम्मं गाव सणासुदीलाही जुन्या कपड्यांत दिसे. जलालुद्दीन मात्र रोज नवा!

त्या हिवाळ्यात चंद्रपूरहून हाजीसाहेब आणि त्यांची बेगम नूरीबी आपल्या मुलासाठी, कैफसाठी, जलालुद्दीनच्या लेकीला, शिरीनला पाहायला आले. बिर्याणी झाली, पान झालं, पण पसंतीचा शब्द काही बाहेर येईना. मग जलालुद्दीननं हुकमाचा पत्ता काढला.

"चला, तळ्यावर चक्कर मारू. वनखात्यानं पक्ष्यांसाठी राखून ठेवलं हाय. तिथी मले विचारल्याबिगर बगळाबी पंख हलवत नाई!"

आणि शिवून तयार असलेली गुणवंतराव वनरक्षकाची कोरी खाकी वर्दी त्यानं चढवली. गुणवंतराव म्हणजे तुरीची काडी, जलालुद्दीन म्हणजे धानाची कणगी. बटनं श्वास रोखून बसली!

तळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची वाट जेमतेम अर्ध्या कोसाची, पण थाट काय! शिंगाडे काढणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एक सायकलवाला तर उतरून सलाम ठोकून गेला. हाजीसाहेबांच्या भुवया टोपीला टेकल्या.

"ती बदकं कुठली?" नूरीबींनी विचारलं.

"रशियाची! दरसाल येतात. मले ओळखतात न!"

तेवढ्यात गावातली रुखमाबाई आली, "या, या, या" म्हणाली, आणि सगळा रशिया रांगेनं तिच्या घराकडं निघाला.

एवढ्यावर निभलं असतं. पण पाण्यात मासे धरणारा मुखरू ढिवर वर्दी पाहून ओरडला, "गार्डसाहेब! माह्या जाळ्यात अजगर फसला! काढून द्या न जी!"

"आज माही सुटी हाय."

"वर्दी घालून कोनती सुटी जी?"

"जा न भाईजान," हाजीसाहेब म्हणाले, "आम्ही इथी उभे हाओत."

एकीकडं शिरीनचं लग्न, एकीकडं अजगर! बापच तो, उतरला. दुसऱ्या पावलाला गाळानं गुडघे धरले, तिसऱ्याला कंबर. अजगर टक लावून पाहत होता. एवढं जेवण आपल्या पायानं चालत आलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. जलालुद्दीन वाकला, आणि चर्रर्र! पंचवीस वर्षांच्या धंद्यात स्वतःच्या शिलाईचा हा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला.

पाळीवरून एक हडकुळा लुंगीवाला धावत आला. सराईतपणे जाळं कापलं, अजगर पलीकडच्या झुडपांत सोडला. मग गाळातल्या खाकीकडं निरखून पाहिलं. तो गुणवंतराव होता!

"टेलरभाऊ! जुनी वर्दी मापाले तुमच्याजवळ, नवी तुमच्या अंगावर! दीड महिन्यापासून मी लुंगीवर ड्यूटी करून राह्यलो! अन् मले सांगता का बटनं नागपूरहून यायची हायेत?"

"आली न," जलालुद्दीन पुटपुटला.

"कुठी हायेत?"

"दोन हायेत. बाकीची तळ्यात गेली."

चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. रिश्ता बुडाला हे त्याला कळून चुकलं होतं. समोर पाहायची हिंमत होईना. नूरीबी ओढणीत तोंड खुपसून कितीतरी वेळ हलत होत्या. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "लडकी पसंद हाय आम्हाले. बेटीसाठी अजगरापुढं जाणारा बाप कुठी भेटते?"

जलालुद्दीनचा चेहरा चिखलातूनही उजळला.

"पण भाईजान, कैफची शेरवानी आम्ही चंद्रपूरलेच शिवू. नाईतर निकाहाच्या दिवशी शेरवानीत तुम्ही, अन् माहा पोरगा बनियनवर!"