अप्पा आणि बिनसहीची फाइल

जळकोटात मोबाइलवर आलेली लग्नपत्रिका उघडण्याआधी "ह्याच्यावर सही कुणाची हाय?" असं विचारणारा माणूस एकच, आमचे दिगंबरअप्पा. ह्या चौकशीपायी सख्ख्या भाच्याचं लग्न हुकलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

अप्पांनी उभी हयात एका पतसंस्थेत चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्या कॉम्प्युटर सेंटरात मुक्काम ठोकला. कॉम्प्युटरच्या फाइलींवरही कंपनीची डिजिटल सही असते हे त्यांना सांगितलं, ती चूक माझीच. तेव्हापासून मी काहीही डाउनलोड केलं की मागून आवाज येतो, "थांब. सही बघ." मग राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. कंपनीचं नाव अप्पा चष्मा सावरून अक्षरन् अक्षर वाचणार, तोवर परीक्षेचे फॉर्म भरायला आलेली पोरं जांभया देणार.

मी जाम वैतागायचो. पण एकदा प्रिंटरच्या फाइलीवरची सही जुळेना. "म्हंजे सही झाल्यावर फाइलीत कुणीतरी हात घातलाय," अप्पा म्हणाले. "फेक ती." तीच फाइल उघडलेल्या दुसऱ्या एका दुकानदाराचा कॉम्प्युटर आठवडाभर बंद होता. मग मी कुरकुर सोडली.

अप्पांचा मुलगा सुहास पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काकू गेल्यापासून अप्पा घरात एकटेच. सुहासचा फोन रविवारी येतो. "जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवतो." मिनिटभरात संपतो. अप्पा मग उगाच फोन पुसत बसतात.

मागच्या महिन्यात सुहासनं अप्पांना एकट्याला मेंढीकोट खेळता यावा म्हणून पत्त्यांचा प्रोग्राम स्वतः लिहून धाडला. बाकीचे तिघं गडी कॉम्प्युटरच. मी सही पाहिली. नव्हती. घरी लिहिलेल्या प्रोग्रामवर कुठून असणार?

"न्हाय उघडायचा," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, पोटच्या पोराचा हाय!"

"पोराचाच हाय कशावरून?"

मी सुहासला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो हसला. "अप्पा, सही येत नसली तर तुम्ही अंगठा घेत होता ना? तसा प्रत्येक फाइलीचा एक ठसा असतो, चौसष्ट अक्षरांचा. मी इथला वाचतो, तुम्ही तिथला ताडून बघा. एक अक्षर जरी हुकलं तरी उघडू नका."

मी ठसा पडद्यावर काढून दिला. सुहास वाचू लागला, "सात, एफ, शून्य, नऊ..." अप्पांचं बोट पडद्यावरून सरकत होतं. मीही बघत होतो. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली.

"मधी कुठंतरी हुकलं," अप्पा म्हणाले. "पयल्यापासून सांग."

सुहासनं पुन्हा वाचलं. पुन्हा सगळं जुळलं.

"आता शेवटाला गडबडलं. जरा हळू वाच की," अप्पा म्हणाले. माझ्याकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

तिसऱ्या वेळी सुहासच मध्ये थांबला. "अप्पा, आवाज बसलाय तुमचा. दवाखान्यात गेला होता का?" मग खोकला निघाला, त्यावरून काकूंचा काढा निघाला, आणि दोघं बराच वेळ बोलत राहिले. अप्पांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सुहासनं विचारलं, "बरं, जुळलं का मग?"

अप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी फोनजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "न्हाय रे सुहास. अजून एकदा सांग."