बारोन उजवीकडे वळला

अगं, ऐक तर खरी! मधे बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस, मयताची गोष्ट आहे. मी हसले तेव्हा, अजून मनाला लागून राहिलंय.

आपली लिस्बेट, ओमेरआजोबांची नात, बेकरीतली. आजोबा गेले त्या संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात कॉफी पुढ्यात घेऊन बसलेले. हिल्डाआत्या म्हणाली, "काळी मोटार सांगू या. सुटसुटीत."

लिस्बेट ताडकन उठली! "मोटार? जन्मभर घोड्यावर बसून समुद्रात करंदी पकडली त्या माणसाने! मला बजावून गेलेत ते. 'माझ्या घोड्याच्या, बारोनच्या गाडीतून न्या, आणि त्याच्या पाठीवर घरातलंच कुणीतरी बसू दे.'"

"वर बसणार कोण?"

"मी!"

सगळ्यांनी कप खाली ठेवले. कारण लिस्बेट सायकलवरून पडते. उभ्या सायकलवरून!

"शनिवारपर्यंत शिकशील?" आत्याने विचारलं.

"शनिवारपर्यंत तर मी त्याच्यावर उभी राहून दाखवीन!"

आत्या म्हणाली, "ठीक. पण जमलं नाही, तर शुक्रवारी रात्री मी मोटार सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लिस्बेट फोनला चिकटली. घोडेस्वारीच्या एका शाळेतली बाई आधी एकदम गोड बोलली. नवशिक्यांसाठी शांत तट्टू आहेत, अमुक आहे, तमुक आहे. लिस्बेट म्हणाली, "घोडा आमचाच आहे. ब्राबान्त, गाडी ओढायच्या अवजड जातीचा."

बाई म्हणाली, "ब्राबान्त? तो घोडा नाही हो, कपाट आहे. त्याला पाय ओलांडून बसायला आमच्याकडे कुणी शिकवत नाही."

दुसऱ्या शाळेतल्या माणसाने विचारलं, "चालवायला शिकायचंय की ढकलायला?" आणि तिसऱ्याने तर 'ब्राबान्त' ऐकताच चुकीचा नंबर म्हणून फोन ठेवला!

शेवटी उरले एकच, कामिएलकाका. आजोबांचे कट्टर वैरी! कधीतरी एका फाटक्या जाळ्यावरून वाजलं, तेव्हापासून दोघं एकाच समुद्रात एकमेकांकडे पाठ करून करंदी पकडायचे. लिस्बेट जीव मुठीत धरून त्यांच्या दारात गेली.

"ओमेरला पोचवायचंय?" काकांनी डोळे बारीक केले. "त्याला पोचवायला मी केव्हाही तयार आहे." आणि लगेच तोंड फिरवून बाहीने नाक पुसलं.

वाळूच्या टेकड्यांमागच्या कुरणात शिकवणी सुरू झाली. लख्ख ऊन होतं रोज. बारोनवर बसायचं म्हणजे जेवणाच्या टेबलावर फेंगडं बसायचं! लिस्बेटचे पाय दोन्हीकडे आडवे, रिकिबीपर्यंत पोचेचनात.

"लगाम ओढू नकोस," काका म्हणाले. "त्याला काही कळत नाही, उगाच राग येतो."

"मग मी वर बसून काय करू?"

"शोभा वाढव."

पण शिकली हं पोरगी! शुक्रवारपर्यंत चर्चपासून निघायचं, कोपऱ्यावर डावीकडे वळायचं, दफनभूमीच्या फाटकाशी "हो!" म्हणून थांबायचं, सगळं जमलं. बारोन नुसता कोकरासारखा. आत्यानेही पडद्याआडून पाहिलं आणि मोटार सांगितली नाही.

शनिवारी मात्र पाऊस लागला. चर्चमधून शवपेटी बाहेर आली, गाडीवर ठेवली. जिथे एरवी जाळं असायचं, तिथे आजोबा. लिस्बेट वर बसलेली, पार भिजलेली. तेवढ्यात आत्या धावत आली, हातात आजोबांचा पिवळा कोट आणि पिवळी टोपी.

"घाल गं. बाबांचाच आहे."

लिस्बेटने कोट चढवला आणि सगळ्यांचा बांध फुटला. बँडवाल्याचा पण! फक्त बारोनने कान टवकारले, गिरणीचा भोंगा ऐकल्यासारखे.

निघालो. कोपरा आला. डावीकडे दफनभूमी. लिस्बेटने डावा लगाम हलवला.

बारोन उजवीकडे वळला.

"हो!" लिस्बेट हळूच म्हणाली, मयतात ओरडायचं कसं? "हो रे! हो बाळा! अरे हो ना!"

मागे आम्ही सगळे छत्र्यांखाली माना खाली घालून. पुढच्याच्या टाचा बघत चाललोय. फादरना वाटलं, मच्छीमारांची काहीतरी प्रथा असेल. बँड वाजतोच आहे! माझे बूट वाळूत रुतले तेव्हा मी वर पाहिलं, तर समोर अख्खा समुद्र!

पाण्याच्या कडेला बारोन थांबला आणि मान वळवून गाडीकडे बघायला लागला. आजोबा उतरायची वाट बघत होता गं तो.

कामिएलकाका मागून धावत आले. "पिवळा कोट कुणी दिला हिला? पिवळा कोट म्हणजे काम!"

"तुम्ही सांगितलं का नाही?" लिस्बेट वरूनच म्हणाली.

"उन्हात कोटाची आठवण कुणाला येते?"

लिस्बेटने कोट काढला. बारोन ढिम्म. आम्ही ढकललं, फादरनी ढकललं, आत्याने पर्समधलं बिस्किट दाखवलं. बिस्किट खाल्लं त्याने, आणि पुन्हा ढिम्म! आणि इकडे भरती सुरू झालेली. गाडीची चाकं रुतत चाललेली, पाणी येतंय. आत्या किंचाळली, "बाबा वाहून जातील!"

"गाडी त्याच्याशिवाय कुणालाही हलणार नाही," काका म्हणाले. "आणि फेरी मारल्याशिवाय तो घरी जाणार नाही. ओमेरचीच सवय. मी घोडा सोडवतो, तू त्याला पाण्यातून एक फेरी मारून आण."

"काका, मला फक्त डावीकडे वळता येतं!"

"तेही येत नाही. आत्ताच गावाने पाहिलं."

लिस्बेटने शवपेटीकडे पाहिलं. मग गुपचूप कोट पुन्हा घातला.

आणि मग बँडसुद्धा थांबला गं. बारोन पाण्यात शिरला, पाणी त्याच्या छातीला लागलं, लिस्बेट आयाळीला घट्ट धरून. किनाऱ्याकडेने चालत राहिला, शांतपणे, रोजच्यासारखा. पाठमोरा पिवळा कोट पावसात दिसत होता आणि क्षणभर आम्हाला सगळ्यांना ते आजोबाच वाटले. पुरुषांनी टोप्या काढल्या. मग आपोआप, कुणी न सांगता, बारोन वळला. डावीकडे!

परत येऊन तो गाडीपुढे उभा राहिला. काकांनी त्याला जुंपलं आणि खिशातून पावाची कड काढून डाव्या हाताने भरवली. आजोबा भरवायचे तशीच.

"तुम्हाला कसं माहीत?" लिस्बेटने विचारलं. "तुम्ही तर पाठ करून असायचात."

"सारखी पाठ करून मान दुखते," काका म्हणाले, आणि पुन्हा बाही नाकाला लावली.

एका हिसक्यात गाडी निघाली. लगामाला कुणी हातही न लावता बारोन थेट दफनभूमीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. फादरच्या बुटांतून प्रार्थनाभर पचक पचक आवाज येत होता, तेव्हा मी हसले. आत्याने तिथेच जाहीर केलं, "माझ्या वेळी मोटार! आणि कुणी पिवळं घालून आलं तर मी उठून बसेन!"

बरं, आता खरी अडचण ऐक. बारोनची नाल निघालीये. नालबंद डावीकडे राहतो, आज नाही गेलं तर मग तो महिनाभर गावात नाही. सकाळपासून धो धो पाऊस. लिस्बेट दारात उभी, बारोन तिच्याकडे बघतोय, कान टवकारून. आणि अख्ख्या घरात रेनकोट एकच, तो पिवळा!

तू असतीस तर काय केलं असतंस गं?