चार वाजताचा घुसखोर

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी त्याच्या घरच्या वाय-फायमध्ये कुणीतरी चोरून घुसलं आणि त्याला आकाश ठेंगणं झालं. घुसखोर पकडणारी यंत्रणा त्यानं कधीच तयार केली होती, पण तिच्या तावडीत सापडायला घुसखोर मिळत नव्हता. हा मात्र रोज चारच्या ठोक्याला यायचा आणि वीस मिनिटांत जायचा.

त्यानं पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी चारला स्वारी हजर. मग त्यानं बावीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला. तरी हजर!

"माणूस साधा नाही," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "यावरच प्रकरण लिही. परीक्षकांसमोर त्याला पकडून दाखवलंस की सुटलास."

बावन्न पानं लिहून झाल्यावर तो लॅपटॉप हातात धरून सिग्नलच्या मागावर निघाला. जिना चढत वरच्या मजल्यावरच्या आजींच्या दारात पोचला. आजी फोनवर परगावच्या नातीला कविता म्हणायला लावत होत्या.

"आजी, पासवर्ड कुणी दिला तुम्हाला?"

"तुझ्या आईनं. बदललास की बिचारी लगेच चिठ्ठी आणून देते. पण एवढा लांबलचक नको रे ठेवूस, चष्मा लावूनही दोनदा चुकते मी."

तो तणतणत खाली आला. आई भाजी निवडत होती.

"त्यांच्याकडे नेट नाही. नात चारला शाळेतून येते," ती म्हणाली. "आणि पासवर्ड मला तूच सांगतोस ना?"

बाईंना खरं सांगावं तर चार वर्षांवर पाणी पडणार होतं. त्यानं तोंड मिटून घेतलं, पण त्याची त्याला लाज वाटत राहिली.

सादरीकरणाच्या दिवशी चार वाजले. विद्यापीठातल्या पडद्यावर घरचं वाय-फाय दिसत होतं, पण पडदा शांत. चार वाजून दहा मिनिटं झाली.

"घुसखोर रजेवर आहे का?" परीक्षकांनी विचारलं.

त्यानं घाम पुसत कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. आईचा आवाज फोनमध्ये मावत नसे.

"आजी ना? इथंच बसल्यात. मीच म्हटलं, आज त्याची परीक्षा आहे, नेटला हात लावू नका!"

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मार्गदर्शक बाईंनी डोळे मिटले.

"घुसखोर तुमच्या आईच्या ओळखीचे आहेत?" परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

मग मात्र त्यानं सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर फार हलकं वाटलं.

"बावन्न पानांत चिठ्ठी कुठेच नाही?"

"नाही, सर."

"मग ते प्रकरण पुन्हा लिहा. चिठ्ठीपासून सुरुवात करा. सहा महिने देतो."

तेवढ्यात पडदा लाल झाला आणि यंत्रणा टीं टीं करू लागली. यंत्रणेनं अनोळखी फोन दोन सेकंदांत पकडला होता. त्याच्या हातातला फोन अजून चालूच होता. त्यातून आजी ओरडल्या, "घुसले रे बाळा! आता तरी पास करतायत का बघ!"