कॅमेऱ्यातील जांभळ्या रेघा व बुडाल्या गावाची हकीकत

श्रीग्रामदेवता सहाय्य. पाण्यात गेलेल्या देवीस साष्टांग नमस्कार करून घडले वर्तमान निवेदन करितो. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरी, चैत्र मासी नदीकाठच्या गावी सरकारचा हुकूम आला की, धरण सिद्धीस गेले, पर्जन्यकाळी पाणी चढेल, सबब रयतेने गाव सोडून वरल्या माळावर जावे. हे ऐकोन रयत बहुत कष्टी जाहली. ते समयी त्र्यंबकराव खरवडे म्हणोन निवृत्त शाळामास्तर गावी होते. त्यांनी विचार केला की, गाव राखणे आपले हाती नाही, परि गावाचे रूप तरी राखावे. मग शहरात जाऊन मोठ्या कंपनीचा डिजिटल कॅमेरा घेतला आणि घरोघर फिरोन चित्रे टिपू लागले. देऊळ आणि चार घरे नीट उतरली, आणि मग वैशाखाचे ऊन तापले तो चित्रांवर जांभळ्या रेघा येऊ लागल्या, आणि घर, अंगण, माणसे काहीच ओळखू येईना.

मास्तर कॅमेरा घेऊन शहरी कंपनीचे दुरुस्तीकेंद्री गेले. तेथील साहेब बोलिले, "आमच्या मालात खोट नाही. तुमच्याकडची हवा दमट. ओल्या हाताने धरला असेल."

मास्तर म्हणाले, "अहो, पाऊस अजून यायचा आहे. गाव बुडण्याआधी काम उरकायचे आहे, एवढे मनावर घ्या."

साहेबांनी कॅमेरा ठेवून घेतला आणि थंड केलेल्या खोलीत तपासला, आणि तेथे चित्रे निर्मळ आली, मग "दोष आढळला नाही" म्हणोन परत दिला. मास्तरांनी त्या शब्दावर भरवसा ठेविला. गावी येतात तो ज्येष्ठ निम्मा सरला होता, लोक घरांची कौले उतरवीत होते, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस लागोन नदी फुगली होती.

गावात हौसाबाई ढेबे म्हणोन वृद्ध विधवा होती. तिचा एकुलता पुत्र लहानपणीच तापाने गेला. त्याने माजघराच्या मातीच्या भिंतीवर कोळशाने बैल काढिला होता, तेवढीच त्याची खूण उरली होती. तिने ती भिंत कधी सारविली नाही. मास्तर आले तो तिने अंगणात उभे राहोन आरशाने ऊन आत पाडिले आणि म्हणाली, "शिंगं नीट येऊ द्या. एक जरा वाकडं हाय, ते त्यानंच तसं काढलंय."

मास्तरांनी कळ दाबिली, आणि पडद्यावर जांभळ्या रेघा आल्या. मग पुन्हा दाबिली, मग कॅमेरा सावलीत नेऊन निववला, आणि पुन्हा दाबिली; रेघाच आल्या. सोबत आलेली त्यांची पत्नी अनुसूयाबाई म्हणाली, "अहो, दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणा."

"कुठून आणू? रस्त्यावर पाणी आलं."

हौसाबाई म्हणाली, "मास्तर, आला का बैल?"

मास्तर म्हणाले, "नाही आला, बाई."

तिने आरसा खाली ठेविला आणि आत जाऊन भिंतीस तळवा लावून उभी राहिली. पाणी अंगणात शिरले तरी ती हलेना, मग चौघांनी उचलोन माळावर नेली. तिसरे प्रहरी भिंत बसली. मास्तर माळावरून पाहात होते.

पुढे मार्गशीर्ष मासी कंपनीने जाहीर केले की, या जातीच्या सर्व कॅमेऱ्यांत मुळातच घडणीची चूक राहिली, उष्णतेने आतील जोड सुटतो, सबब विनामूल्य दुरुस्त करून देऊ. मास्तर गेले. तेच साहेब उठोन उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणाले, "मास्तर, चूक आमचीच होती. नवा भाग बसवून देतो."

"आणि ती चित्रे?"

"ती नाही यायची. पण आता पुन्हा काढा, उत्तम येतील."

"कशाची काढू?" मास्तर म्हणाले.

चहा निवाला. मास्तर कॅमेरा तेथेच टेबलावर ठेवून बाहेर पडले.

एवंच, कंपनीने खोट कबूल केली आणि कॅमेरा दुरुस्त होऊन घरपोच आला. मास्तरांनी पेटी फोडिली नाही. हौसाबाई पौषात माळावरील पत्र्याच्या खोलीत वारली. धरण त्या साली काठोकाठ भरले. लेखनसीमा.