कुणाच्या हातचं?

आमच्या शेजारचे तात्या चहाला आले, की बायको आधी विळी लपवायची. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की ती उलटी करून बघायची तात्यांना खोड. कुलूप, अडकित्ता, काहीही. "कुनाच्या हातचं म्हनायचं ह्ये?" हा ठरलेला प्रश्न. आमची विळी तर त्यांच्याच हातची, तरी तीही हाती लागली की उलटी व्हायची. एकदा मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचा अडकित्ता त्यांनी सुपारीसकट उलटा केला. लग्न जमलं, ते आमच्या पुण्याईनं.

सांगलीत स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचा लहानसा कारखाना होता. विळ्या, कोयते, नांगराचे फाळ. प्रत्येक नगावर ते बोटभर पोलादी ठशानं 'ता' ठोकत. गल्लीत असे नऊ कारखाने आणि नऊ ठसे. कुणाचा मासा, कुणाची चांदणी. वडूजच्या बाजारात शेतकरी ठसा बघूनच फाळ घेत. "बिननावाचं लोखंड बेवारशी रं," तात्या म्हणायचे.

मग गावाबाहेर मोठा कारखाना आला. पंप, फाळ, विळ्या, सगळं तिथंच. लोखंड तेव्हा सरकारी कोट्यावर मिळायचं. मोठ्यांच्या दारात ट्रक उतरत आणि गल्लीतले परमिटासाठी खेटे घालत. त्यात बाहत्तरचा दुष्काळ. फाळ घ्यायला कुणी येईना, भट्ट्या एकेक करून विझल्या. जिल्ह्याचं उत्पादन वाढल्याचं मी पेपरातून वाचून दाखवलं, तर तात्या म्हणाले, "वाढलं आसंल की. पन करनारं एकच ऱ्हायलं." मला हसू आलं होतं. आज त्याची लाज वाटते.

बंद पडणाऱ्या प्रत्येकाचा ठसा मात्र तात्या मागून आणायचे. शेवटी त्यांचीही भट्टी विझली आणि साठीला टेकलेले तात्या निळा डगला घालून त्याच मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत जाऊ लागले.

त्या खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, मी त्यांच्या घरी गेलो. पाटावर आठ ठसे, प्रत्येकावर झेंडू. आता मोठ्या कारखान्यातच कामाला असलेले गल्लीतले जुने मालक तिथली पूजा उरकून येत, आपापला ठसा कपाळाला लावत आणि परत पाटावर ठेवून जात.

"तुमचा कुठाय, तात्या?"

त्यांनी तो सदऱ्याच्या खिशातून काढला. "पाटावर ठिवायचं मन हुईना गड्या. वाटतंय, उद्या लागंल."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला ते आमच्याकडे आले. समोर नवं कोरं कुलूप पडलं होतं. तात्यांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चहा तेवढा घेतला. बायकोच्या ते ध्यानात आलं. ती आत गेली, इतकी वर्षं लपवलेली विळी घेऊन आली आणि उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"तात्या, ही कुणाच्या हातची, बघा बरं."

तात्यांनी 'ता'वर अंगठा ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"अजून कापती व्हय, वैनी?"

"रोज. दुसरी आणलीच नाही."

"आना हिकडं, धार लावून देतो," म्हणत तात्या उठले आणि विळी घेऊन तरातरा निघून गेले. द्यायला आणलेलं सोनं त्यांच्या खिशातच राहिलं.